अंग चोरणं

चार चौकोन, तीन बिजागऱ्या.
एवढंच आहे ते. बाकी तारा, ब्रश
आणि आमची तीन वर्षं.
सरळ रेघ होतं, काटकोन होतं,
मोडक्या पायरीसारखं वेडंवाकडं होतं,
आणि टेबलांचे पाय दाटीनं आले की
अंग चोरून मधून निघून जातं.

"अंग चोरतं" असं वहीत लिहिलं
आणि पेन थांबलं.
आमच्याकडे हे कामचुकाराला म्हणतात.
हे तर अंग चोरतं
तेव्हाच कुठे कामाला लागतं.

बेडोकचं फूड सेंटर, रात्रीचे साडेअकरा.
शेवटच्या गाळ्याचं शटर पडलेलं.
फरशीवर सॉसचे चिकट गोल, टिश्यूचे बोळे,
कुणाच्या तरी लेकराने सांडलेलं उसाचं पाणी.
हझवानी छताच्या कॅमेऱ्यातून मोजते:
किती फरशी पुसली, किती राहिली.
सोमवारी एक्क्याऐंशी टक्के. मंगळवारी शहाऐंशी.

पोह गियोक खुर्ची उलटी करून बसते,
पाठीवर हनुवटी टेकून.
वय चौऱ्याहत्तर. ही फरशी तिची,
एकोणीस वर्षं.
तीन रात्री ती एक शब्द बोलली नाही.

चौथ्या रात्री ते मध्येच अडलं,
अर्धं वळलेलं, अर्धं सरळ.
आम्ही लॅपटॉपवर चूक शोधत होतो.
ती उठली, केसातली पिन काढली,
आणि मधल्या बिजागरीतून
तांदळाची एक शेवई अलगद ओढून काढली.
"बॉय," मला म्हणाली,
"गुडघे रोज धुवायचे असतात."

तेव्हापासून मी तिच्याकडे बघू लागलो.
एक हात टेबलाच्या कडेला.
एक पाय लांब, दुसरा मुडपलेला.
गटाराच्या जाळीपाशी गाल जवळजवळ फरशीला,
आणि उठताना आधी डावा खांदा,
मग थोडा श्वास, मग बाकीची ती.
आमच्या यंत्राला सात आकार येतात.
तिचे मोजायला गेलो
आणि अकरानंतर सोडून दिलं, लाज वाटली.

पगाराचं काय होणार, असं तिनं विचारलं नाही.
विचारलं असतं तर
माझ्याकडे आलेख होते.

मग भुकेल्या पितरांचा महिना आला.
सतराव्या खांबामागे, फरशी संपून गवत लागतं तिथे,
तीन वाडगे भात, संत्री, उदबत्त्या,
आणि जळल्या कागदाची राख
वाऱ्यानं आत उडून आलेली.
एका वाडग्यापाशी चमचा डावीकडे ठेवला होता.
डावखुरं कोण, हे मी विचारलं नाही.

यंत्रानं राख ओळखली.
राख म्हणजे कचरा; आम्हीच शिकवलेलं.
ते वळलं, रेघ झालं, खांबाकडे निघालं.
पोह गियोकनं फक्त पाऊल पुढे ठेवलं,
रबरी चपलेतलं, सुजलेलं.

"त्यांचं जेवण होऊ दे. मग मीच काढीन."

हझवानीनं पडद्यावर लिहिलं: अडथळा.
मग खोडलं. मग विचारलं, हळूच,
"आंटी, झालं हे कळणार कसं?"

तिनं वाडग्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे नाही.
"जेवणाऱ्याला कुणी घाई करतं का?"

त्या रात्रीचा आकडा चौऱ्याण्णव.
उरलेल्या सहाचं कारण
अहवालात अजून कोरं आहे.

आणि ते खांबाशी थांबून राहिलं,
चारही चौकोन एकमेकांना चिकटून,
छोटा हिरवा दिवा मिचकावत,
भलत्याच्या घरी
ऐन जेवणाच्या वेळी येऊन पडलेला माणूस
दारात उभा राहतो ना,
तसं, अंग चोरून.